सेनेगलचे मुरीद : शेंगदाणा, तूबा आणि मतपेटी

डोंगरवाट

जवळपास ९५ टक्के मुसलमान असलेल्या सेनेगलने स्वातंत्र्यानंतरची पहिली वीस वर्षं एका कॅथलिक कवीला राष्ट्राध्यक्ष ठेवलं. लिओपोल्ड सेदार सेंगोर. त्यांना खुर्चीवर टिकवून धरणाऱ्यांत सर्वांत वजनदार माणूस होता मुरीद या सूफी पंथाचा खलिफा, म्हणजे पंथप्रमुख, फालिलू म्बाके. धर्म आणि राजकारणाबद्दलची आपली नेहमीची गणितं या देशात चालत नाहीत, म्हणून हा धागा.

मुरीदिया पंथ तसा अलीकडचा. संस्थापक शेख अमादू बांबा (सुमारे १८५३ ते १९२७). घराणं विद्वानांचं, वडील कायोरचा राजा लाट जोर याच्याकडे काझी. लाट जोरने फ्रेंचांच्या डाकार ते सेंट लुई रेल्वेला विरोध केला. रेल्वे १८८५ मध्ये झालीच, आणि १८८६ मध्ये तो लढाईत मारला गेला. वोलोफ लोकांची जुनी राज्यं कोसळली, सरदार गेले, त्यांच्या पदरचे शिपाई आणि गुलाम उघड्यावर पडले. ही सगळी माणसं बांबांच्या आश्रयाला येऊ लागली. बांबांनी तलवार उचलली नाही आणि फ्रेंचांची चाकरीही धरली नाही. १८८७ च्या सुमारास बाओल भागातल्या माळावर त्यांनी तूबा नावाची वस्ती वसवली.

जमणारी गर्दी बघून फ्रेंच बिथरले. १८९५ मध्ये बांबांना गॅबॉनला हद्दपार केलं. १९०२ मध्ये परत आणलं आणि वर्षभरात पुन्हा मॉरिटानियाला धाडलं, ते १९०७ पर्यंत. त्यानंतर मरेपर्यंत नजरकैद, आधी जोलोफमध्ये आणि १९१२ पासून जुर्बेलला. स्वतः वसवलेल्या तूबात त्यांना जागा मिळाली ती दफनाचीच. या सगळ्याचा परिणाम फ्रेंचांना हवा होता त्याच्या उलट झाला. बोटीवर नमाजाला मनाई केली तेव्हा बांबांनी समुद्राच्या पाण्यावर चटई अंथरून नमाज पढला, ही कथा घरोघरी गेली. काचेवर रंगवलेल्या चित्रांत ती आजही दिसते. हद्दपारीला निघाले तो सफर महिन्याचा अठरावा दिवस ‘मागल’ म्हणून साजरा होतो. शिक्षेचा दिवस हा पंथ आभाराचा सण म्हणून पाळतो, आणि त्यासाठी लाखो माणसं तूबाला येतात.

आता शेंगदाण्याकडे. फ्रेंचांना सेनेगलमधून तेलासाठी शेंगदाणा हवा होता. बांबांकडे माणसं होती, आणि त्या माणसांना जमीन हवी होती. तरुण शिष्य, म्हणजे ‘तालिबे’, शेखाच्या ‘दारा’ नावाच्या शेतीवसाहतीत राहायचे, रान तोडून जमीन लागवडीखाली आणायचे, वर्षानुवर्षं शेखासाठी राबायचे आणि शेवटी स्वतःचा तुकडा मिळवून संसार थाटायचे. बांबांचे पट्टशिष्य इब्रा फाल यांनी तर राबणं हीच इबादत असं ठरवून टाकलं. त्यांचे अनुयायी ‘बाय फाल’ आजही अंगात ठिगळांचे रंगीबेरंगी कपडे आणि डोक्यावर जटा अशा वेशात दिसतात आणि नमाज-रोज्यापेक्षा श्रमाला वरचं स्थान देतात. कट्टर मौलवींना हे अर्थातच पटत नाही.

पहिल्या महायुद्धाच्या आसपास फ्रेंचांच्या लक्षात आलं की या पंथाला चिरडण्यापेक्षा वापरून घेणं स्वस्त पडेल. फौजेत भरतीला माणसं मिळाली, शेंगदाणा मिळाला. ज्याला वीस वर्षं संशयित म्हणून वागवलं त्याच बांबांना १९१९ मध्ये ‘लेजियों द’ऑनर’ हा फ्रान्सचा मोठा सन्मान बहाल केला. १९३१ मध्ये तूबापर्यंत रेल्वे आली, त्यात पंथाचा पैसाही होता आणि घामही. सरकार आणि शेतकरी यांच्या मधे शेख उभा, ही रचना तेव्हा पक्की झाली आणि स्वातंत्र्यानंतर ती जशीच्या तशी नव्या सरकारकडे आली.

शेखाच्या आदेशाला वोलोफमध्ये ‘न्दिगेल’ म्हणतात. विहीर खणा, मशिदीसाठी वर्गणी द्या, अमुक दिवशी शेतावर या. राजकारण्यांना हा शब्द सोन्याहून प्यारा. १९५१ च्या निवडणुकीत सेंगोर यांच्यासमोर होते लामिन गे, मुसलमान आणि शहरी वर्गाचे पुढारी. फालिलू म्बाके सेंगोर यांच्या बाजूने राहिले, कारण सेंगोर खेड्यापाड्यांत फिरत होते आणि शेखांना मान देत होते. १९६२ मध्ये पंतप्रधान ममादू दिया आणि सेंगोर यांच्यात जुंपली. दियांना सहकारी संस्था गावागावांत नेऊन मधल्या दलालांना बाजूला सारायचं होतं, आणि दलालांत शेखही आलेच. खलिफांनी सेंगोर यांना साथ दिली, दिया तुरुंगात गेले. १९६३ मध्ये तूबाची मोठी मशीद खुली झाली तेव्हा सेंगोर समारंभाला हजर होते.

कळस झाला १९८८ मध्ये. खलिफा अब्दुल अहद म्बाके यांनी जाहीर केलं की राष्ट्राध्यक्ष अब्दू जूफ यांना मत देणं ही बांबांशी निष्ठा आहे. जूफ ७३ टक्के मतांनी निवडून आल्याचं जाहीर झालं, डाकारमध्ये दंगल उसळली, विरोधी नेते अब्दुलाय वाद यांना अटक झाली. मात्र पुढच्या खलिफांनी, विशेषतः सालिऊ म्बाके यांनी (१९९० ते २००७), मतदानासाठी न्दिगेल देणं बंद केलं.

माझं मत असं : शेतासाठी, मशिदीसाठी दिलेला आदेश लोकांनी पाळला, कारण त्याचं फळ त्यांना डोळ्यांनी दिसत होतं. मत मागितल्यावर लोक विचारू लागले, यात आम्हाला काय? मतांवरचा हुकूम संपला, तूबाचं वजन मात्र वाढलं. हे दोन्ही एकाच वेळी कसं झालं, यावर चर्चा व्हावी.

खडीसाखर

वाचनखूण साठवली. एक शंका. सेनेगलचे सगळे मुसलमान मुरीद आहेत का? लेखावरून तसं वाटतं.

डोंगरवाट

नाही नाही. संख्येने तिजानी पंथही फार मोठा, त्यांची केंद्रं तिवावान आणि काओलाक. शिवाय कादिरी आहेत, समुद्रकाठचे लायेन आहेत. बांबांची स्वतःची सुरुवातीची दीक्षा कादिरी. मुरीदांचं वेगळेपण हे की त्यांच्याकडे एक शहर आहे आणि एक खलिफा आहे. तिजानींची घराणी अनेक, त्यामुळे राष्ट्राध्यक्षाला एका दारात जाऊन भागत नाही.

काळीमाती

मी शेतकरी माणूस, मला यातला भावाचा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. शेंगदाण्याला हमीभाव कोण देत होतं? आणि तो पडला तेव्हा शेख कुणाच्या बाजूने उभे राहिले? त्यावरून खरं काय ते कळेल.

डोंगरवाट

काळीमाती, नेमक्या जागी बोट ठेवलंत. फ्रान्स सेनेगलच्या शेंगदाण्याला बाजारापेक्षा चढा दर देत होता, तो आधार साठच्या दशकाच्या उत्तरार्धात गेला. पाठोपाठ दुष्काळ. खरेदीची मक्तेदारी ‘ओंकाद’ नावाच्या सरकारी महामंडळाकडे. वजनात मारणार, पैसे उशिरा देणार, बियाणं-खताची कर्जं मात्र वेळेत वसूल करणार. शेतकऱ्यांनी शेंगदाणा सोडून बाजरी पेरायला सुरुवात केली, काहींनी माल चोरून गांबियात विकला.

त्या वेळी, १९६८ मध्ये गादीवर आलेले अब्दुल अहद म्बाके सरकारवर उघड टीका करू लागले. एका अर्थाने ते देशातल्या सर्वांत मोठ्या शेतकरी संघटनेचे नेतेच झाले. सरकारला भाव वाढवावा लागला. १९८० मध्ये ओंकाद कर्जाच्या डोंगरासकट बुडालं. म्हणजे १९८८ मध्ये जूफ यांच्यासाठी मत मागणारे हेच खलिफा आधी सरकारला शेतकऱ्यांच्या वतीने सुनावत होते. त्यांची पत त्या भांडणातून आली होती.

सरळसोट

कौतुक पुरे झालं. मला यात साधी जमीनदारी दिसते. पोरांना देवाचं नाव सांगून फुकट राबवून घ्यायचं, पीक शेखाचं, पुण्य पोराचं! वरून सरकारी कर्ज घ्यायचं आणि बुडवायचं. याला सूफी म्हणा नाहीतर आणखी काही.

डोंगरवाट

बुडवायचं हे खरं आहे, बड्या शेखांची थकबाकी वसूल करण्याची हिंमत कुणात नव्हती. आणि तुमच्या बाजूने आणखी दारूगोळा देतो. १९९१ मध्ये सरकारने खेलकोमचं सुमारे ४५,००० हेक्टर राखीव जंगल खलिफा सालिऊ यांना शेंगदाण्यासाठी दिलं. झाडं तोडायला हजारो शिष्य आले. तिथे गुरं चारणाऱ्या फुलानी धनगरांना जनावरांसकट हुसकून लावलं. राखीव जंगल सरकार असं कुणाला सहज देत नाही. मतांसाठीच्या शेवटच्या न्दिगेलनंतर तीनच वर्षांनी हे घडलं, हे लक्षात ठेवा. मत मागायचं बंद केलं म्हणून घेणं-देणं बंद झालं नाही.

पण ‘फुकट’ या शब्दाशी मी सहमत नाही. गुलामगिरीतून सुटलेल्या माणसाला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जमीन, बायको-मुलं आणि समाजात नाव मिळायचा दुसरा रस्ता कोणता होता ते सांगा.

सरळसोट

रस्ता नव्हता म्हणून शोषण हे शोषण राहत नाही काय? असो. खेलकोमबद्दल माहिती नव्हती, धन्यवाद.

बंदरावरून

कामानिमित्त काही वर्षं डाकारमध्ये काढली (सेनेगलचं फॉस्फोरिक आम्ल आपल्याकडे खतासाठी येतं, त्या कामात होतो). वर ज्या बांबांबद्दल लिहिलंय त्यांचा एकच फोटो उपलब्ध आहे, १९१३ चा. पांढरा झगा, पांढरं वस्त्र तोंडावरून गुंडाळलेलं, डोळे सावलीत. हा फोटो शहरात इतक्या ठिकाणी दिसतो की पहिल्या आठवड्यातच पाठ होतो. न्हाव्याच्या दुकानात, भिंतींवर, टॅक्सीच्या काचेवर. डाकारमध्ये टाटाच्या पांढऱ्या मिनीबस धावतात, त्यांच्या मागच्या काचेवरसुद्धा. आपल्या टाटाच्या काचेवर बांबा बघून मजा वाटायची.

सकाळी रस्त्यावर ‘काफे तूबा’ मिळते. एक प्रकारची रानमिरी घालून केलेली कॉफी, घसा खरवडत जाते. दुसऱ्या दिवसापासून तीच लागते.

ऑफिसात हिशेब बघणारे गृहस्थ मुरीद होते. दर महिन्याला त्यांच्या ‘दाहिरा’ची वर्गणी न चुकता. दाहिरा म्हणजे शहरातल्या मुरीदांचं मंडळ, आठवड्याला जमतात, बांबांची अरबी काव्यं गातात, भिशीसारखा पैसा जमवतात, अडल्यानडल्याला मदत करतात. २०१२ च्या निवडणुकीत शेख बेचो च्यून यांनी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष वाद यांना मत देण्याचा आदेश काढला होता. मी या गृहस्थांना विचारलं, मग तुम्ही? म्हणाले, माकी साल, म्हणजे वाद यांचे प्रतिस्पर्धी. अहो पण आदेश? तर म्हणे, तो माझा शेख नाही, आणि माझ्या शेखाने काही सांगितलेलं नाही. विषय संपला.

उंबरठा

बंदरावरून यांच्या प्रतिसादात कळीची गोष्ट आहे. न्दिगेल कुणाचा, हा पहिला प्रश्न. बांबांच्या वारसांत शेकडो शेख आहेत. खलिफा गप्प राहिले की धाकट्या शेखांचा बाजार भरतो. मोदू कारा म्बाके यांनी २००४ मध्ये चक्क स्वतःचा पक्ष काढला. च्यून तर बांबांच्या म्बाके घराण्यातलेही नव्हते, सरकारी नोकरीतून आलेले, शहरी तरुणांत लोकप्रिय. २०१२ मध्ये त्यांचा आदेश निघाला आणि वाद दणकून हरले, माकी साल यांना ६५ टक्क्यांहून अधिक मतं. धाकट्या शेखांना मतांचे ठेकेदार समजणाऱ्या पक्षांनी तिथे पैसे बुडवले असं माझं स्पष्ट मत.

आता वाद हे स्वतः मुरीद. २००० मध्ये निवडून आल्याबरोबर ते तूबाला गेले आणि खलिफांसमोर नतमस्तक झाले. देशाचा राष्ट्राध्यक्ष एका पंथप्रमुखासमोर वाकतो, यावरून डाकारच्या वर्तमानपत्रांत बराच गदारोळ झाला. तिजानींना ते झोंबलं, आणि गंमत म्हणजे कित्येक मुरीदांनाही ते बरं वाटलं नाही. सेंगोर कॅथलिक असल्यामुळे त्यांना सगळ्या पंथांपासून सारखं अंतर राखणं सोपं होतं. वाद यांनी ती सोय घालवली.

मधली_सुट्टी

मागलचं वर्णन वाचून वारीच आठवली. लाखो माणसं, दिंड्यांसारखी मंडळं, गावोगावचं अन्नदान. मुख्यमंत्री आषाढीला पूजा करतात तसे तिथेही मंत्री जातात का?

उंबरठा

जातात. मागलला सरकारी शिष्टमंडळ असतं, भाषणं होतात, खलिफांचा प्रतिनिधी सरकारपुढे गाऱ्हाणी मांडतो : पाणी, वीज, पावसात तुंबणारे रस्ते. मात्र साम्य इथेच संपतं. वारीला मालक नाही. फडकरी आहेत, संस्थानं आहेत, पण सगळ्या वारकऱ्यांना ‘अमुक करा’ असं सांगू शकेल असा एक माणूस पंढरपुरात नाही. तूबाचा सगळा जोर त्या एका माणसात आहे.

खडीसाखर

बायकांबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून मीच बोलते. सेनेगलने २०१० मध्ये कायदा केला की निवडणुकीच्या याद्यांत पुरुष आणि स्त्रिया समान असायला हव्यात. २०१४ च्या स्थानिक निवडणुकीत तूबाची यादी आली शंभर नावांची. शंभरही पुरुष! तीही सत्ताधारी आघाडीची यादी. कायदा करणाऱ्यांच्याच नाकावर टिच्चून, आणि सरकार गप्प. डोंगरवाट म्हणतात ते ‘वजन’ ते हेच असेल तर मला त्यात कौतुकाचं काही दिसत नाही.

दुसरी बाजूही सांगते. बांबांच्या आई माम जारा बूसो यांची पोरोखान इथे मोठी यात्रा भरते. आणि थिएस शहरात सोखना मागात जोप नावाची बाई मुरीदांच्या एका शाखेची प्रमुख होती. वडिलांना मुलगा नव्हता, गादी मुलीकडे आली, तिने ती कित्येक दशकं चालवली. मशिदीत नमाजाचं पुढारपण तिने केलं नाही, पण शिष्यांवर अधिकार तिचाच. म्हणजे पंथात जागा नाही असं नाही, तूबाच्या नगरपालिकेत जागा नाही.

डोंगरवाट

खडीसाखर, कौतुक म्हणून ‘वजन’ म्हटलेलंच नव्हतं. उलट शंभर नावांची यादी हा माझ्या मुद्द्याचा सर्वांत ठसठशीत पुरावा आहे. तूबा म्हणजे लोकसंख्येने देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर. तिथे दारू नाही, तंबाखू नाही. घरगुती पाण्याचं बिल नाही. जमीन खलिफाच्या अखत्यारीत. गांबियातून येणारा चोरटा माल तूबाच्या ओकास बाजारात वर्षानुवर्षं विकला गेला आणि जकातवाले बाहेर उभे. एवढं सगळं न मागता मिळत असेल तर खलिफाने एखाद्या उमेदवारासाठी आपली पत पणाला का लावावी?

सरळसोट

पैसा कुठून येतो हा प्रश्न राहिलाच. शेंगदाणा तर पार झोपला.

बंदरावरून

परदेशातून. दुष्काळानंतर गावचे तरुण आधी डाकारला, मग इटली, स्पेन, फ्रान्स, न्यूयॉर्क. युरोपात पर्यटकांच्या जागी चष्मे, पट्टे, पिशव्या विकणारी जी आफ्रिकी पोरं दिसतात त्यांत मुरीद बरेच. गावाकडे त्यांना ‘मोदू-मोदू’ म्हणतात. दाहिरा तिथेही. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये ११६ व्या रस्त्याला ‘छोटं सेनेगल’ म्हणतात, दर जुलैत तिथे बांबांच्या नावाने मोर्चा निघतो. ‘मतलबुल फौझैनी’ या परदेशस्थ मुरीदांच्या संस्थेने पैसा उभारून तूबात मोठं रुग्णालय उभं केलं. करोना आला तेव्हा २०२० मध्ये खलिफा मुंतखा म्बाके यांनी सरकारी निधीला २० कोटी सेफा फ्रँक (तिथलं चलन) दिले. पंथ सरकारला देणगी देतो! मग कोण कुणावर अवलंबून ते तुम्हीच ठरवा.

निवांतवेळ

थोडं अवांतर. २०१६ मध्ये दिल्लीत जागतिक सूफी परिषद झाली होती, पंतप्रधानांचं भाषण झालं, सूफी म्हणजे शांततेचा आवाज वगैरे. दहशतवादाला उत्तर म्हणून सूफींना पुढे करायचं धोरण बऱ्याच देशांत दिसतं. सेनेगलमध्ये जिहादी गट रुजले नाहीत याचं श्रेय मुरीदांनाच देतात ना?

उंबरठा

देतात, आणि त्यात तथ्यही असेल. शेजारच्या मालीकडे बघून डाकारचे पुढारी हे वाक्य आवडीने म्हणतात. पण ‘सूफी म्हणजे गरीब गाय’ ही समजूत फ्रेंचांचीही होती. आफ्रिकेतला ‘काळा इस्लाम’ मवाळ आणि अरबांचा कडवा, असा त्यांचा सिद्धांत होता. आधी मात्र याच फ्रेंचांनी बांबांना जिहादी समजून देशाबाहेर हाकललं होतं. माणूस तोच, सरकारची गरज बदलली की त्याचं वर्णन बदलतं.

शिवाय सूफी गप्प बसतात असंही नाही. तिजानी घराण्यातले मुस्तफा सी आणि त्यांची ‘मुस्तर्शिदीन’ ही तरुणांची संघटना बघा. १९९३ मध्ये त्यांनी जूफ यांच्यावर जाहीर सभेत सडकून टीका केली, नंतर ते तुरुंगात गेले, १९९४ च्या दंगलीनंतर संघटनेवर बंदी आली. तेव्हा सूफी ‘शांततेचा आवाज’ कुठे होते?

निवांतवेळ

मुस्तर्शिदीन हे नाव पहिल्यांदा ऐकलं. शोधतो.

मधली_सुट्टी

मग मुंतखा म्बाके आता राजकारणात काहीच करत नाहीत?

डोंगरवाट

करतात, फक्त मतपेटीपासून लांब राहून. २०१९ च्या सप्टेंबरात डाकारमध्ये ‘मसालिकुल जिनान’ ही मुरीदांची भव्य मशीद खुली झाली. तीस हजार माणसं मावतील एवढी. जागा दिली होती वाद यांनी, सत्तेवर होते माकी साल. दोघांत कित्येक वर्षं विस्तव जात नव्हता, वाद यांचा मुलगा करीम माकींच्या काळात तुरुंगात जाऊन आला होता. त्या दिवशी मशिदीत खलिफांनी दोघांना शेजारी बसवलं, हात मिळवायला लावले. सगळ्या देशाने टीव्हीवर बघितलं. असं कुठल्या पक्षाला जमलं असतं?

काळीमाती

आणि तूबातली जनता? ती खलिफाकडे बघून मत देते की आपल्या मनाने? शेवटी तेच विचारायचं होतं मला.

उंबरठा

२०१९ च्या फेब्रुवारीचा निकाल बघा. माकी साल यांनी निवडणुकीच्या दोन महिने आधी थिएस ते तूबा असा शंभर किलोमीटरहून लांबीचा द्रुतगती मार्ग खुला केला, चिनी कर्जातून. नाव ‘इला तूबा’, म्हणजे तूबाकडे. खलिफांनी आभार मानले, रस्त्यासाठी दुवा दिली. माकी देशभरात पहिल्याच फेरीत निवडून आले. तूबात मात्र जिंकले विरोधी उमेदवार इद्रिसा सेक.

सरळसोट

हा हा! रस्ता वापरून मत विरोधकाला. आवडलं आपल्याला तूबा.

उंबरठा

थांबा, पुढचं ऐका. नोव्हेंबर २०२० मध्ये हेच इद्रिसा सेक माकींच्या गोटात गेले आणि देशाच्या आर्थिक-सामाजिक परिषदेचे अध्यक्ष झाले.

काळीमाती

म्हणजे मतदार तिथलाही आपल्यासारखाच फसतो. डोंगरवाट, दाहिरांच्या पैशावर वेगळा धागा काढा, भिशीचं गणित समजून घ्यायचंय.